ओट्याओट्यावर थांबणारी जिजी

जिजी, तुझी ती खुर्ची मी आज सकाळी उचलून माळ्यावर टाकली. पंकज म्हणाला, "काकू, ऱ्हाऊ दे ना, मायनी आठवन शे." मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या मायने त्या खुर्चीला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या मलासुद्धा घातल्या नसतील. आठवण ठेवायचीच तर तिच्या आवडीच्या वस्तूची ठेव. पोरगा तुझ्यासारखाच आहे, वाद घालत नाही, मनात ठेवतो.

तेरावं काल झालं. मंडपवाला बांबू काढून घेऊन गेला, सुनांनी मोठी पातेली घासून उन्हात पालथी घातली, आणि घर एकदम रिकामं झालं. मी आतल्या खोलीतून ओट्यावर आणि ओट्यावरून आत अशी उगाचच फिरते आहे. दादा ओसरीत बसून असतात. माझे थोरले दीर म्हणून मी त्यांच्यासमोर जन्मभर पदर डोक्यावर ठेवला, त्यांना काही सांगायचं असलं की तुला सांगायचं आणि तू त्यांना सांगायचीस. त्यांचं उत्तरही तुझ्याच तोंडून यायचं. माझे मालक जाऊन कितीतरी वर्षं झाली. आता घरातली जुनी माणसं म्हणजे दादा आणि मी, आणि आमच्यातलं बोलणं नेणारं-आणणारं माणूसच गेलं. सकाळी मी चहा ठेवला आणि भिंतीकडे बघून "चहा झाला" म्हणाले. ते उठून आले, घेऊन गेले. दोघांनाही रडू येत होतं.

लग्न होऊन आले तेव्हा मी तुला "तुम्ही" म्हणायचे. मोठी जाऊ, त्यात माझ्यापेक्षा दहा वर्षांनी थोरली. दोन दिवस तू ऐकून घेतलंस आणि तिसऱ्या दिवशी चुलीपुढे म्हणालीस, "तुम्ही-बिम्ही नको म्हनू वं मंगल, मले सासू व्हयेल सारखं वाटस." तेव्हापासून तू. मी गावच्या शाळेत शिकवायला जायचे म्हणून तू मला मास्तरीन म्हणायचीस, आणि शाळा सुटून आले की माझ्या हातावरचा खडू धुवायच्या आधी हातात कप द्यायचीस. घरातली अर्धी कामं माझ्या वाटची तू ओढलीस आणि त्याबद्दल मला कधी बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. भांडून मोकळं होणं मला जमतं, तुला कधीच जमलं नाही.

म्हणून तर एवढी वर्षं मला कळलं नाही की तू का थांबतेस.

आपल्या घरापासून मळ्यापर्यंतचा रस्ता तो केवढा! पण तुला तो पार करायला सकाळ पुरायची नाही. सुमनच्या ओट्यापाशी थांबायचीस, "काय वं सुमन, पोरगी उनी का माहेरले?" पुढे दुकानाच्या पायरीवर बसायचीस, कुणाच्या म्हशीची चौकशी, कुणाच्या गुडघ्याची. मी चिडायचे. जिजीला गप्पांचं व्यसन आहे असं मी सगळ्यांना सांगायचे, आणि तू हसायचीस. मग एका सकाळी मी तुझ्या मागून चालत होते, तुला माहीत नव्हतं. तू सुमनला प्रश्न विचारलास, तिने सुरुवात केली, आणि तू ओट्याच्या कडेला हात टेकून मान खाली घालून उभी राहिलीस. तुझे खांदे वरखाली होत होते. सुमन बोलत राहिली, तू "हूं, हूं" करत राहिलीस, आणि श्वास जागेवर आल्यावर निघालीस. पुढच्या ओट्यावर परत तेच. प्रश्न तुझा, बोलणं दुसऱ्याचं. जिजी, तू चौकशी करत नव्हतीस गं, दम खात होतीस.

त्यानंतर सगळंच दिसायला लागलं. ज्वारीचे बिबडे वाळत घालायला गच्चीवर मला पाठवायचीस, म्हणे मंगल पसरवते तसे कुणाला पसरवता येत नाहीत. मला! ज्या बाईचा एक बिबडा गोल आला नाही तिला! संध्याकाळी पायातले तोरडे काढलेस की घोट्याशी खोल वण पडलेला असायचा. आणि त्या अक्षय्य तृतीयेला, आपल्या अखाजीच्या सणाला, तर मी डोळ्यांनी बघितलं. पोरी माहेरी आलेल्या, अंगणात झोके बांधलेले, चुलीवर खापर तापलेलं, आणि पुरणाचे मांडे करायला नेहमीसारखी तू बसलेली. तुझा मांडा म्हणजे गावात बोलायची गोष्ट होती. कणकेचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत मोठा करायचीस आणि अलगद खापरावर टाकायचीस, पोरी तोंडाकडे बघत राहायच्या. त्या दिवशी तीनच मांडे केलेस आणि पंकजच्या बायकोला पुढे ओढलंस. "आते तुम्ही शिका. मी कितला दिन पुरसू?" सगळ्यांना वाटलं जिजी सुनेला मान देते आहे. तुझ्या वरच्या ओठावर घाम होता आणि तू पाण्याचा तांब्या धरून बसली होतीस, पाणी पीत नव्हतीस.

मग दवाखाने. गॅसच्या गोळ्या झाल्या, रक्तवाढीच्या झाल्या. नंदुरबारला हृदयाची सोनोग्राफी झाली. तुला कुशीवर झोपवलं, छातीवर ते थंडगार जेल लावलं, आणि डॉक्टर म्हणाले, पंपिंग उत्तम आहे, काळजीचं काही नाही, वजन थोडं कमी करा. तू एवढी खूश झालीस की परत येताना बसस्टँडवर भजी घेतलीस. त्यानंतर महिनाभर जो भेटेल त्याला सांगत सुटलीस, "मन्हा हिरदामा काही नही. मशीनले बी काही सापडनं नही." आणि हे सांगताना ओट्याला हात टेकलेला.

नशीब, तिथलाच एक तरुण डॉक्टर पुढच्या वेळी भेटला. त्याने रिपोर्ट बघितला आणि मला विचारलं, "यांना धाप झोपल्यावर लागते की चालताना?" मी म्हटलं, चालताना, चढताना, मांडे करताना. तो म्हणाला, "मग झोपून काढलेल्या फोटोत कसं दिसणार? काही हृदयं आरामात असताना चांगली दिसतात. त्यांना काम द्यायचं आणि काम चालू असतानाच सोनोग्राफी करायची, तेव्हा कळतं. माझ्याकडे सोय नाही, सुरतला आहे." त्याचे उपकार मी विसरणार नाही. त्याला ठाऊक नव्हतं ते नाही म्हणाला आणि होतं ते सरळ सांगितलं.

घरी आल्यावर दादांचं म्हणणं तूच मला येऊन सांगितलंस. फोटू साफ शे, डॉक्टरनी सांगं ना, मंग आते सुरत कसाले? आणि तुझं स्वतःचंही तेच, मग तर विषयच संपला. तेव्हा मी ओसरीत गेले. पदर डोक्यावर होता, पण तोंड सरळ त्यांच्याकडे केलं आणि पहिल्यांदा तुझ्या तोंडून नाही तर माझ्या तोंडून बोलले. म्हटलं, "दादा, जिजी मळ्यापर्यंत न थांबता चालून दाखवू दे. दाखवलं तर मी सुरतचं नाव काढणार नाही." दादांनी तुझ्याकडे बघितलं. तू जमिनीकडे. पंकजने दुसऱ्या दिवशी तिकिटं काढली.

सुरतेच्या त्या खोलीचं तुला आणि मला शेवटपर्यंत हसू यायचं, निदान अर्ध्या गोष्टीचं. साडी चालणार नाही म्हणाल्यावर मी बाजारातून सलवार आणली. साठी ओलांडलेली माझी जिजी पहिल्यांदा सलवारीत! तू आरशात बघून म्हणालीस, दादाले सांगू नको. मग तो कललेला पलंग आणि त्याच्या पायथ्याशी सायकलची पायडलं. तू आयुष्यात सायकलवर बसली नव्हतीस. डॉक्टरांच्या मदतीला असलेल्या पोरीने चालवा म्हटलं तर तू दोन्ही पाय एकदम पुढे मारलेस, अखाजीच्या झोक्यावर उभं राहून मारतो तसे. पायडल जागचं हलेना. पोरगी म्हणते, "बा, एक पग, पछी बीजो." तू परत दोन्ही पाय. शेवटी मी म्हटलं, "जिजी, घर सारवायचा चिखल तुडवतो ना आपण, तसं. हा पाय, मग तो." आणि सुरू झालं. छातीवर तारा, दंडाला पट्टा, डॉक्टर एका हाताने तुझ्या छातीवर ते यंत्र धरून पडद्याकडे बघत होते. थोड्या थोड्या वेळाने पायडल जड करत होते. म्हणाले, थकवा येईल, येऊ द्या, तेच बघायचंय.

आणि थकवा आला तशी तू तुझी युक्ती काढलीस. पायांचा वेग कमी केलास, हसलीस, आणि त्या पोरीला विचारलंस, "पोरी, तुन्हं गाव कोनतं?"

पोरगी बिचारी सांगायला लागली. नवापूरकडची निघाली, माहेरचं माणूस भेटल्यासारखी फुलली. तुझे पाय जवळजवळ थांबले होते. डॉक्टरांना वाटलं झालं एवढंच, बाईंना त्रास काही दिसत नाही. खोलीत मला एकटीलाच कळत होतं की सुमनचा ओटा सुरतेला आला आहे. मी म्हणाले, "जिजी, बोलू नको. पाय चालाड." जरा जोरातच म्हणाले. तू माझ्याकडे बघितलंस.

ती नजर, जिजी. चाळीस वर्षांत तू माझ्याकडे तशी बघितली नव्हतीस. तुझी झाकलेली गोष्ट मी परक्यांपुढे उघडी केली होती. तू तोंड मिटलंस आणि पाय चालवलेस. ओठ पांढरे पडले, नाकपुड्या फुगल्या, आणि डॉक्टर एकदम पडद्याकडे झुकले. "अस्संच, अजून थोडं, बस, थांबा." मी पाण्याचा पेला पुढे केला. तू पेला माझ्या हातून घेतला नाहीस, त्या पोरीच्या हातून घेतलास.

डॉक्टरांनी समजावलं ते सोपं होतं. हृदय दाबून रक्त फेकतं ते चांगलं, पण पुन्हा सैल पडून भरून घ्यायला पाहिजे तसं सैल पडत नाही, ताठ झालंय. बसून असलं की निभतं. काम वाढलं की आतला दाब वाढतो आणि तो फुप्फुसांवर येतो, म्हणून धाप. मग त्यांनी त्याचं नाव सांगितलं. हार्ट फेल्युअर. म्हणाले, नावाला घाबरू नका, हृदय बंद पडलं असा याचा अर्थ नाही. गोळ्या घ्या, मीठ तोडा, वजन रोज बघा, आणि रोज चाला. जमेल तेवढं, पण चालाच.

नंदुरबार येईपर्यंत गाडीत तू खिडकीबाहेर बघत होतीस. उतरताना एवढंच म्हणालीस, "परका मानसेसमोर तू मले गप करं, मंगल."

परत वेळ आली तर परत तेच करीन, हे माझ्या ओठावर होतं. ते मी गिळलं.

डॉक्टरांनी नावाला घाबरू नका म्हटलं होतं, ते फक्त आपल्या दोघींना. गावात "जिजीचं हार्ट फेल झालं" एवढंच पोचलं आणि नातेवाईक गाड्या भरभरून भेटायला आले. कुणी शेवटचं बघून घ्यावं म्हणून, कुणी बघितलं नाही असं व्हायला नको म्हणून. केळीच्या गावात येताना प्रत्येकाच्या हातात डझनभर केळी! आणि तू त्या सगळ्यांना पोहे करून घालायला उठायचीस, मग पंकज ओरडायचा, आणि अशात ती खुर्ची आली. माय, आते तू फक्त बसानं. डॉक्टरने चालायला सांगितलेली बाई घरच्यांनी प्रेमाने बसवून टाकली. चूल गेली, मळा गेला, सुमनचा ओटा गेला. तू माझ्याकडे बघून म्हणायचीस, "पहिले मी थकेल बाई व्हतू. आते पेशंट व्हई गऊ. तुन्ही सोनोग्राफीनी मले हाई खुर्ची दिन्ही." मी म्हणायचे, सोनोग्राफीने गोळ्या दिल्या, खुर्ची तुझ्या लेकाने दिली. तू म्हणायचीस, नाव कळालं नसतं तर काय बिघडलं असतं? मी म्हणायचे, तू पहिल्याच थंडीत गेली असतीस. तू म्हणायचीस, गई असती ते आपला चालाना पायवर गई असती. हे भांडण आपण कितीदा केलं! कधी पुरं झालं नाही, कारण दरवेळी मध्येच तुझी लघवीची गोळी काम सुरू करायची आणि तुला उठावं लागायचं. उठताना तू मला शिवी द्यायचीस.

पण संध्याकाळी मी तुला उठवायचेच. पंकजच्या नाकावर टिच्चून. केळीच्या बागेच्या कडेने पाटापर्यंत. तिथे ओटे नव्हते, माणसं नव्हती, तुला कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. दम लागला की तू नुसती थांबायचीस, मी पण थांबायचे. पाटाच्या पाण्याचा आवाज, केळीची पानं हलायची, लांब सातपुड्याची रेघ. एवढी वर्षं एका घरात राहून आपण दोघी अशा काही न बोलता कधी उभ्या राहिलो होतो का गं? मला आता तेच हवंय. मांडे नकोत, सण नकोत. तेवढं पाटापाशी येऊन उभी राहा. परवा मी एकटी गेले. तुझ्या नेहमीच्या जागी आपोआप थांबले, मला दम लागला नव्हता तरी.

आणि पुढची अखाजी. सगळे अंगणात पोरींच्या झोक्यापाशी होते. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, तुला पाटावर बसवलं आणि कणकेचा गोळा हातात दिला. तू म्हणालीस, पंकज मारी टाकी तुले. मी म्हटलं, बघू. तू एक मांडा केलास. हळूहळू, मध्ये हात मांडीवर टेकवून, परत उचलून. कोपरापर्यंत गेला नाही, मनगटाच्या जरा वर गेला. खापरावर टाकताना फाटला. आपण दोघींनी तो तसाच फाटका खाल्ला, तुझ्या बोटांना पुरण लागलं होतं आणि तू लहान पोरीसारखी ती चाटत होतीस. तेव्हा मला वाटलं, आता म्हणेल. मंगल, झालं ते झालं, एवढं तरी म्हणेल. तू म्हणालीस, "डॉक्टरले सांगू नको." मी हसले. मनातून थोडी खट्टू झाले, खरं सांगते.

त्यानंतर आणखी एक अखाजी मिळाली. मग या थंडीत ताप आला, छातीत उतरला, आणि दवाखान्यात नळ्यांमध्ये तू बोलू शकत नव्हतीस. माझा हात धरला होतास. पण हात तर तू सगळ्यांचाच धरलास. मी घरी येऊन विचार करत बसायचे की त्या पकडीत काही होतं का. सुरतेच्या त्या नजरेचं काय झालं, ती माझ्यावरून उठली की तशीच राहिली, हे मला कोण सांगणार? वाद तू जिंकलास तरी चाललं असतं गं, नुसता संपवून जायचं होतंस.

हे आज दुपारपर्यंतचं झालं. दुपारी पलीकडच्या गल्लीतली कमल दुखवट्याला, दारावर बसायला आली. तेराव्यापर्यंत तिला जमलं नव्हतं म्हणे. बायका उठून गेल्या तरी ती उठेना. मला वाटलं हिला काही हवंय. ओट्याच्या तीन पायऱ्या चढून आली होती आणि अजून पदराने तोंड पुसत होती. मग म्हणाली, "ताई, तुमले एक सांगानं व्हतं. मले चालाना दम लागस. शहादाले फोटू काढा, साफ शे म्हनतस." मी म्हटलं, बरं, मग?

ती म्हणाली, "जिजीनी मले सांगेल व्हतं, दिवाळीना टाइमले. म्हने, बसेल मानूसनं हिरदं खोटं बोलस कमल, चालाडीसन देखो तवय खरं सांगस. मन्ही मंगलकडे जाय. ती कोनासंगे बी भांडी, पन तुले सुरतले लई जाई. तू दम लागना म्हनीसन पाय हयू करशी ते ती तुले करू देवाव नही. तिन्हामुये मले दोन अखाज्या जास्तीन्या भेटन्यात."

मी तिला परत म्हणायला लावलं. शेवटचं वाक्य, माझ्यामुळे तुला दोन अखाज्या जास्तीच्या मिळाल्या ते. तिने परत म्हटलं, आणि घाबरली, कारण मी रडायला लागले होते. मग मी तोंड धुतलं, ओसरीत जाऊन दादांना सांगितलं की परवा मी कमलला घेऊन सुरतला जाते आहे. सरळ त्यांच्याकडे बघून. ते म्हणाले, "जाय. तिले सांग, सलवार लागस." म्हणजे त्यांनाही तू सांगितलं होतंस.

कमलला सांगितलंस, दादांना सांगितलंस, आणखी कुणाकुणाला सांगितलंस कोण जाणे. मी रोज तुझ्या शेजारी बसत होते, जिजी. मला का नाही गं सांगितलंस?